गॅब्रिएला कोलमन : हॅकरांच्या वस्तीत मुक्काम ठोकलेल्या मानववंशशास्त्रज्ञ

ओसरी

सप्टेंबर २०१० मध्ये बंगळुरूच्या आयप्लेक्स सॉफ्टवेअर या कंपनीच्या प्रमुखांनी वार्ताहरांना उघडपणे सांगितलं, की सिनेमा कंपन्यांच्या वतीने आम्ही चोरीचे सिनेमे ठेवणाऱ्या साइटींना नोटिसा पाठवतो आणि ज्या जुमानत नाहीत त्यांच्यावर साइट उघडण्याच्या विनंत्यांचा असा मारा करतो की त्या बंदच पडतात. म्हणजे जे एखाद्या पोराने केलं तर पोलीस दारात येतील, ते एक नोंदणीकृत कंपनी धंदा म्हणून करत होती आणि सांगायला कचरतही नव्हती.

यावर इंटरनेटवरच्या अ‍ॅनॉनिमस नावाच्या बिनचेहऱ्याच्या जमावाने ठरवलं की यांना यांचंच औषध पाजायचं. ठरलेल्या वेळी सगळे आयप्लेक्सवर तुटून पडायला जमले, तर साइट आधीच कोणीतरी एकट्याने पाडलेली! मग मोर्चा वळला अमेरिकेतल्या चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेकडे. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन पेबॅक’. तीनच महिन्यांत, डिसेंबर २०१० मध्ये, याच मोहिमेचा मारा पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसावर सुरू झाला, कारण या कंपन्यांनी गुप्त कागदपत्रं जाहीर करणाऱ्या विकिलीक्सला मिळणाऱ्या देणग्या अडवल्या होत्या. त्या आठवड्यात जगभरच्या वर्तमानपत्रांत जे छापून येत होतं, त्याचं एक मूळ बंगळुरूत होतं. मला हे कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं. गॅब्रिएला कोलमन वाचायला घेतल्यावर मी या धाग्याच्या टोकाशी पोचले.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, संगणक माझा विषय नाही. तांत्रिक चूक दिसली तर जाणकारांनी बिनदिक्कत दुरुस्त करावी.

कोलमन मानववंशशास्त्रज्ञ. शिकागो विद्यापीठाच्या पीएचडी, पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आणि आता हार्वर्डमध्ये. आधी त्या गयानामधल्या धार्मिक उपचारांवर, म्हणजे अंगारा-मंत्र-प्रार्थनेने बरं होण्यावर, संशोधन करणार होत्या. आजारपणात घरी अडकल्या, त्या काळात मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या जगात शिरल्या आणि विषयच बदलला. इरावतीबाईंचं नाव घेत शिकलेल्या आपल्या लोकांना फील्डवर्क म्हणजे पायपीट, पाड्यावरचा मुक्काम, पोत्यात बांधलेली मोजमापाची हत्यारं. या बाई सॅन फ्रान्सिस्कोत प्रोग्रामरांमध्ये जाऊन राहिल्या. डेबियन ही संगणकप्रणाली बनवणाऱ्या स्वयंसेवकांवर त्यांनी प्रबंध लिहिला, त्यातून ‘कोडिंग फ्रीडम’ हे पुस्तक झालं. २००८ पासून त्यांनी अ‍ॅनॉनिमसकडे लक्ष वळवलं आणि २०१४ मध्ये त्यावरचं जाडजूड पुस्तक आलं.

त्यांची कामाची पद्धत मला सगळ्यात मोलाची वाटते. अ‍ॅनॉनिमसचा वावर आयआरसीवर, म्हणजे नुसतं टाइप करून गप्पा मारायच्या जुन्या व्यवस्थेवर. काळ्या-पांढऱ्या खिडकीत फक्त ओळी वर सरकत राहतात, चेहरा नाही, आवाज नाही. दहा खोल्या एकाच वेळी चालू. कोलमन तिथे रोज तासन्‌तास बसल्या, स्वतःच्या खऱ्या ओळखीनिशी. सगळे मुखवट्यात आणि संशोधक तेवढी उघड्या चेहऱ्याने! बेकायदेशीर बेत जिथे शिजत त्या खोल्यांपासून त्या जाणूनबुजून लांब राहिल्या. दूरवरून ‘हॅकर टोळी’ हा एकच शब्द दिसतो. त्यांना आत बसून निरनिराळी माणसं दिसली. २००८ च्या जानेवारीत सायंटॉलॉजी पंथाने टॉम क्रूझची एक चित्रफीत इंटरनेटवरून काढून टाकायचा खटाटोप केला, त्यावर चिडून नुसती टवाळी करायला जमलेली पोरं; त्यातूनच १० फेब्रुवारीला गाय फॉक्सचे मुखवटे लावून शंभराहून जास्त शहरांत रस्त्यावर उतरलेले लोक; २०११ च्या जानेवारीत ट्युनिशियातल्या आंदोलकांना मदत करणारे; आणि अगदी मूठभर, ज्यांना खरोखर कुठल्या कंपनीच्या यंत्रणेत शिरता येत होतं.

अजून एक गोष्ट त्यांनी टिपली. या जमावात स्वतःचं नाव मोठं करू पाहणाऱ्याला लगेच खाली खेचत. वर्तमानपत्राला स्वतःच्या नावाने मुलाखत दिली की खोलीतून हकालपट्टी. आपल्याकडे प्रत्येक चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स पाहणाऱ्या मला हे वाचून थांबावंच लागलं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. सरकारं आणि कंपन्या यांनी या सगळ्यांना एकाच मापाने मोजलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका ट्रक ड्रायव्हरने २०११ मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाच्या साइटवरच्या माऱ्यात भाग घेतला. फक्त एक मिनिट. साइट जेमतेम पंधरा मिनिटं बंद होती, थेट नुकसान ५,००० डॉलरच्या आतलं होतं हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. पण कंपनीने नंतर सल्लागार नेमले, त्यांचं बिल या माणसाच्या माथी मारलं गेलं : १,८३,००० डॉलर भरपाई. तो शिरला नव्हता, काही चोरलं नव्हतं. एक बटण दाबून धरलं होतं. सायबर सुरक्षेचं राजकारण मला इथे दिसतं. धोका किती मोठा हे कोण ठरवतं, कुठे बसून ठरवतं आणि त्याचं बिल कोणाच्या नावावर फाडतं? लांबून पाहून केलेली धोरणं चुकीच्या माणसाला चिरडतात, असं माझं कोलमन वाचून पक्कं मत झालं आहे. तुम्हाला काय वाटतं?


रात्रपाळी

ओसरीताई, लेख आवडला, वाचनखूण साठवली. पण मी पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस आहे, तेव्हा थोडं स्पष्ट लिहितो.

सोळा वर्षं सर्व्हर सांभाळतोय. एकदा पहाटे तीनला फोन वाजला. एका रुग्णालयाची नोंदणीची यंत्रणा आम्ही सांभाळत होतो, ती गळपटली होती. तक्त्यावर रेघ सरळ वर गेलेली, जगभरातून विनंत्या. रुग्णालयावर कोणाचाच राग नव्हता. त्याच जोडणीवर शेजारी दुसरं कोणाचं तरी गिऱ्हाईक होतं, त्याच्यावरचा मारा यांच्यावर सांडला. सकाळी आठला ओपीडीसमोर रांग आणि खिडकीतली मुलगी वहीत हाताने नावं लिहितेय. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसरं. पेपालच्या वेळी हजारो लोक ‘लॉइक’ नावाचा प्रोग्राम उतरवून घेऊन बटण दाबत होते आणि समजत होते की आपण सगळ्यांनी मिळून साइट पाडली. खरा जोर होता बॉटनेटचा. म्हणजे ज्यांना पत्ताही नाही अशा लोकांचे विषाणू लागलेले हजारो संगणक एक-दोघांच्या हातात. हे खुद्द कोलमनबाईंनीही लिहिलंय. वर लॉइक वापरणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या जोडणीची ओळख, उघडा पडायचा आणि नवख्यांना तो धोका कोणी धड समजावला नाही. मग पकडले गेले कोण? बटणवाले. त्या जमावाने आपल्याच माणसांना फसवलं, असं माझं म्हणणं.


ओसरी

रात्रपाळी, वहीत नावं लिहिणारी ती मुलगी माझ्याही लक्षात राहील. तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. आत बसलेल्या माणसानेच हे लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला ते कळतंय.


रंकाळा

वकिली पेशा, म्हणून कायद्यापुरतं लिहितो.

‘हा घेराव आहे, दगडफेक नाही’ असा युक्तिवाद अमेरिकेत झाला होता. जानेवारी २०१३ मध्ये व्हाइट हाउसकडे तसा विनंती अर्जही गेला, की साइटवर एकत्र गर्दी करणं हे निषेधाचं सनदशीर साधन माना. मला तो अर्धाच पटतो. घेरावात माणूस स्वतःचं शरीर घेऊन येतो, तहान-भूक, ऊन, पोलिसाचा दंडुका हे सगळं सोसतो. रास्ता रोकोत बसलेल्याला गाडीतला माणूस पाहू शकतो, बोलू शकतो. बॉटनेटमध्ये सोसणारा दुसराच.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ सेवा विस्कळित करणं आणि अधिकृत माणसाला प्रवेश नाकारला जाईल असं करणं, या दोन्ही गोष्टी धरतं. हेतू अप्रामाणिक किंवा लबाडीचा असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच्याही पुढे कलम ६६फ, सायबर दहशतवाद, ज्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि ‘प्रवेश नाकारणं’ हे शब्द त्यातही आहेत. देशाच्या अखंडतेला धोका किंवा लोकांत दहशत असा हेतू लागतो हे खरं, पण हेतू शेवटी कोर्टात ठरतो आणि तोवर माणूस आत असतो.

पेपालच्या खटल्यात चौदा जणांना जुलै २०११ मध्ये अटक झाली. डिसेंबर २०१३ मध्ये बहुतेकांनी गुन्हा कबूल केला, प्रत्येकी ५,६०० डॉलर भरपाई ठरली. पेपालची मालक कंपनी तेव्हा ईबे होती, आणि ईबेचे संस्थापक पिअर ओमिड्यार यांनीच लेख लिहून या मुलांना सौम्य वागणूक द्या असं सुचवलं होतं. असं आपल्याकडे मी अजून पाहिलेलं नाही.


चर्चगेट_फास्ट

आयप्लेक्सवरून आठवलं. २०१२ चा मे-जून. चेन्नईच्या एका कंपनीने मद्रास उच्च न्यायालयातून ‘जॉन डो’ आदेश आणला होता, म्हणजे अज्ञात व्यक्तींविरुद्धचा. दोन दाक्षिणात्य सिनेमांची चोरी थांबवायला. इंटरनेट पुरवठादारांनी काय केलं, तर अख्ख्या साइटीच बंद केल्या. त्यात कविता, व्याख्यानं आणि घरगुती व्हिडिओ ठेवणारी साइटसुद्धा गेली. अ‍ॅनॉनिमसच्या भारतातल्या लोकांनी सरकारी आणि पक्षांच्या साइटी पाडल्या आणि ९ जूनला शहराशहरांत निदर्शनांची हाक दिली.

मी आझाद मैदानात गेलो होतो. शनिवार होता. उकाडा असा, की कागदी मुखवटा घामाने ओला होऊन हनुवटीशी फाटला आणि मी तो उरलेला वेळ हाताने धरून उभा होतो. शंभरएक माणसं असू. बहुतेक विशीतली, इंजिनियरिंगची. शेजारच्या मुलाला मी नाव विचारलं तर त्याने हसून मान हलवली आणि चिकटपट्टी पुढे केली. नाव मला आजही माहीत नाही. एक हवालदार जवळ येऊन शांतपणे विचारत होते, ‘नक्की कशाबद्दल आहे हे?’ आम्ही चौघांनी चार निरनिराळी उत्तरं दिली.

त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने खुलासा केला, की सिनेमा जिथे आहे तेवढीच पानं अडवायची, सबंध साइट नाही. तो आमच्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पुरवठादारही कोर्टात गेले होते. पण मैदानात गेल्याचा मला आनंद आहे.


अश्वत्थ

कोलमन अ‍ॅनॉनिमसला लोककथांमधल्या खोड्याळ देवतांच्या ओळीत बसवतात, उत्तरेकडच्या कथांमधला लोकी वगैरे. आपल्याकडे लगेच कळलाव्या नारद आठवेल. पण नारद सगळ्यांना माहीत असतो, नाव घेऊन येतो, वीणा वाजवत येतो. मला बहुरूपी जवळचा वाटतो. लहानपणी आमच्या गावात बहुरूपी फौजदार बनून यायचा आणि मोठमोठ्या शेतकऱ्यांना दरडावून जायचा. माणसं चपापायची. सोंगाखाली कोण आहे हे कोणी विचारत नसे, कारण विचारलं की खेळ संपला. फरक इतकाच, की बहुरूप्याला शेवटी पसाभर धान्य मागायचं असायचं आणि ते तो राजरोस मागायचा.


कौलारू

कोलमनबाईंचं डेबियनवरचं काम दुर्लक्षित राहतं, त्यावर लिहितो. अ‍ॅनॉनिमसपेक्षा मला ते मोठं वाटतं.

डेबियनमध्ये पॅकेज चढवायचा अधिकार मिळाला की तुम्ही लिहिलेलं काहीही जगभरच्या लाखो संगणकांवर सर्वाधिकार घेऊन चालतं. १९९३ पासून हे काम स्वयंसेवक करतात, आणि निम्म्यांनी निम्म्यांना कधी पाहिलेलंही नसतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माणसं इतकी वाढली की प्रकल्पाने नव्यांना घेणं काही काळ बंदच ठेवलं आणि प्रवेशाची रीतसर पद्धत आखली. आधी ओळख पटवायची, मग सामाजिक करार आणि मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं यांवर लेखी उत्तरं द्यायची, मग कामाची परीक्षा. महिनोन्‌महिने चालतं. कोलमन म्हणतात की हे नुसतं गाळप नाही, यातून माणूस घडतो. उत्तरं लिहिता लिहिता त्याला कळतं की आपण इथे कोणाचं देणं लागतो.

ओळख पटवण्याचा प्रकार मी पुण्यात अनुभवला आहे. लिनक्सवाल्यांच्या एका बैठकीनंतर कॉलेजच्या कँटीनमध्ये टेबलं जोडली. प्रत्येकाच्या हातात कागदाची पट्टी. पट्टीवर ज्याच्या त्याच्या संगणकीय सहीच्या किल्लीचा ठसा, चाळीस अक्षरं, चार-चारच्या दहा गटांत. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी आपापल्या कागदावर पेन्सिलीने टिंब देत जायचं. मग पासपोर्ट फिरवायचे. फोटो पाहायचा, चेहरा पाहायचा, नावाचं स्पेलिंग पट्टीशी ताडायचं. एका मुलाकडे फक्त कॉलेजचं ओळखपत्र होतं. सगळे त्याला दोन वर्षं ओळखत होते, रोज एकत्र चहा प्यायचे, तरी कोणीही त्याच्या किल्लीवर सही केली नाही. बिचारा रुसला. पुढच्या महिन्यात नवा कोरा पासपोर्ट घेऊन आला, आणि त्याने आधी आमचे कागद मागून तपासले.

आता २०२४ चा मार्च. एक्सझेड ही फाइली आवळून लहान करणारी छोटीशी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेली. एकच दमलेला माणूस ती फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टॅन’ नावाचं खातं दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं, उपयोगी काम करत राहिलं. २०२२ मध्ये मध्येच दुसरी खाती उगवली, त्यातल्या एकाचं नाव ‘जिगर कुमार’. ती त्या दमलेल्या माणसाला टोचत राहिली, की तुमच्याने होत नाही, दुसऱ्याच्या हाती द्या. शेवटी अधिकार जिया टॅनकडे गेले आणि ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा आला. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्या करत होता, त्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. तो खणत गेला आणि २९ मार्चला त्याने जाहीर केलं. त्याचं यंत्र डेबियनच्याच कच्च्या आवृत्तीवर चालत होतं.

कँटीनमधल्या पट्ट्यांनी हे अडलं असतं का? नाही. धरण पक्कं होतं, पण पाणी वरच्या अंगाने नासवलं गेलं. डेबियनच्या माणसाची ओळख पक्की असते, पण तो ज्याचं काम आणून बांधतो त्याची कोणीच तपासत नाही. आणि तपासायची म्हटलं तर फुकटात काम करणाऱ्यावर आणखी एक ओझं. त्या दमलेल्या माणसाच्या मेल मी वाचल्या आहेत. मनाचं आजारपण चालू आहे, आणि हे काम मी बिनपैशाचं करतो, असं त्याने सगळ्यांसमोर लिहिलं होतं. सगळ्या जगाची सुरक्षा त्याच्यावर टेकलेली आणि त्याला ‘तू जरा विश्रांती घे, मी बघतो’ म्हणणारा एकच भेटला, तो नेमका शत्रू. हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला होता.


रात्रपाळी

कौलारू, ती २९ मार्चची रात्र. गुड फ्रायडेची सुट्टी होती. गावाकडून फोनवर फोन, कुठल्या यंत्रावर कुठली आवृत्ती आहे ते बघा. आमची यंत्रं पक्क्या आवृत्तीवर होती म्हणून वाचलो. तुमच्या शेवटच्या परिच्छेदानंतर वाटलं, आपण ज्यांचं फुकट वापरतो त्यांच्यापैकी एकालाही मी कधी साधं ‘आभार’ लिहिलेलं नाही. आज दोघांना लिहिलं.


मांडवी

कोलमन यांचं एक थोडं अलीकडचं काम, २०२२ चं, एका सहलेखकाबरोबर केलेलं, हॅकर हा ‘सुरक्षा तज्ज्ञ’ कसा झाला यावर आहे. नव्वदच्या दशकात कंपन्या त्रुटी लपवत, आणि ती सांगणाऱ्यालाच चोर ठरवत. मग हॅकरांनी त्रुटी जाहीर छापायला सुरुवात केली, कारण त्याशिवाय कंपन्या हलतच नव्हत्या. १९ मे १९९८ रोजी बॉस्टनच्या लॉफ्ट या गटाचे सात जण अमेरिकी सिनेटसमोर साक्षीला बसले. टेबलावरच्या पाट्यांवर खरी नावं नव्हती, टोपणनावं होती. आम्ही ठरवलं तर अर्ध्या तासात इंटरनेट बंद पाडू, असं त्यांनी सांगितलं. प्रतिष्ठा अशी हळूहळू, मेहनतीने कमावलेली आहे.

आपल्याकडे पुण्यात सुरू झालेला नल हा सुरक्षावाल्या हॅकरांचा समूह आणि २०१० पासून गोव्यात भरलेली त्यांची नलकॉन परिषद यांनी हेच काम केलं. मी पणजीहून गेलो होतो, तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. कोकणी-मराठी बोलणारी, कळकट टीशर्टातली पोरं मंचावर जाऊन एखाद्या यंत्राचं कुलूप कसं उघडतं ते दाखवत होती आणि समोर सरकारी अधिकारी वहीत टिपून घेत होते. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, ‘पोलीस धरणार नाहीत ना?’


मुळशी

राजकारण म्हणताय तर टोरंटोच्या रोनाल्ड डायबर्ट यांचंही नाव घ्यायला हवं. ते राज्यशास्त्रज्ञ. २००१ मध्ये त्यांनी तिथल्या विद्यापीठात सिटिझन लॅब काढली. २००९ मध्ये या लोकांनी धरमशाळेत दलाई लामांच्या कार्यालयातले संगणक तपासले आणि त्यातून १०३ देशांतल्या १,२९५ यंत्रांवर पसरलेलं हेरगिरीचं जाळं उघड केलं.

जून २०२० मध्ये त्यांनी अ‍ॅम्नेस्टीबरोबर प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातल्या नऊ मानवाधिकार कार्यकर्त्यांना हेरगिरीचं सॉफ्टवेअर जोडलेले ईमेल पाठवले गेल्याचं दाखवलं. त्यातले आठ जण भीमा कोरेगाव प्रकरणातल्या अटकांविरुद्ध बोलत होते. पुढच्या वर्षी संगणकातले पुरावे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने या खटल्यातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली घुसवल्याचा निष्कर्ष दिला. खटला चालू आहे, त्यावर मी मत देत नाही. पण पुण्यात राहणाऱ्या माणसाला सायबर सुरक्षा म्हणजे ओटीपी कोणाला सांगू नका एवढंच शिकवलं जातं. ज्याच्या यंत्रातला पुरावाच त्याने ठेवलेला नसेल, त्याने काय करायचं, हे कोण शिकवणार?


ओसरी

मुळशी, तुमचा प्रश्न मी वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.

विश्वासावरून एक राहिलं. अ‍ॅनॉनिमसमधला सगळ्यात गाजलेला माणूस ‘सबू’, न्यूयॉर्कचा हेक्टर मॉन्सेगर. ७ जून २०११ ला एफबीआयने त्याला गाठलं आणि तो लगेच त्यांच्या बाजूने काम करू लागला. हे जगाला कळलं ६ मार्च २०१२ ला. मधल्या नऊ महिन्यांत तो साथीदारांशी रोज पूर्वीसारखाच बोलत होता. स्ट्रॅटफॉर या खासगी गुप्तवार्ता कंपनीवरचा हल्ला त्याच काळातला, आणि त्यासाठी जेरेमी हॅमंडला दहा वर्षांची शिक्षा झाली. कोलमन स्वतः सबूला न्यूयॉर्कमध्ये भेटत होत्या, समोरासमोर बसून बोलत होत्या, आणि तो तेव्हा खबऱ्या होता. समाजशास्त्रात आम्ही ‘माहितीदार’ हा शब्द सहज वापरतो. तो शब्द त्या दिवसापासून मला जड जातो.


पहिलाच_प्रयत्न

नमस्कार. वाचनमात्र होतो, आज खातं उघडलं. शेवटच्या वर्षाला आहे, विदर्भात.

दोन महिन्यांपूर्वी एका संस्थेच्या साइटवर परीक्षा शुल्क भरलं. पावती उघडली तर वरच्या पत्त्यात पावतीचा क्रमांक दिसत होता. शेवटचा आकडा एकाने वाढवला तर दुसऱ्याच मुलीची पावती आली. नाव, जन्मतारीख, मोबाइल, आईचं नाव, जात. मी लगेच बंद केलं. माझ्या बहिणीचीही पावती तिथे असणार म्हणून झोप आली नाही. कार्यालयात जाऊन सांगितलं तर तिथले साहेब म्हणाले, ‘तू दुसऱ्याची पावती बघितलीसच का? हा सायबर गुन्हा आहे, तुझं वर्ष जाईल.’ नाव-नंबर लिहून घेतला. त्रुटी अजून तशीच आहे. मी घरी कोणाला बोललो नाही. वर रंकाळा सरांनी कलम ६६ लिहिलंय ते वाचून हात थंड पडले. मी गुन्हा केला का?


रंकाळा

बाळा, आधी शांत हो. कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय पाहणं येतं, पण तिथे प्रश्न भरपाईचा आहे. ६६ लागायला अप्रामाणिक किंवा लबाडीचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. स्वतः कार्यालयात जाऊन सांगणाऱ्याचा हेतू काय, हे कोणालाही कळेल. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये धोरणच जाहीर केलं की चांगल्या हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटला भरायचा नाही. आपल्या कायद्यात असं लेखी संरक्षण नाही, ही मोठी उणीव आहे आणि तुझ्यासारख्यांनाच ती भोगावी लागते. म्हणून आता सगळं लेखी कर. पुन्हा आकडा बदलून बघू नकोस, खात्री करायलाही नाही. दुसऱ्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट असेल तर कोणाला पाठवू नकोस. कधी पाहिलंस, काय दिसलं, कोणाला कधी सांगितलंस, तारीखवार लिहून काढ. पैशाचा किंवा बक्षिसाचा एकही शब्द नको. मसुदा मला निरोपातून पाठव, मी वाचून देतो. फी नाही.


रात्रपाळी

आणि तक्रार सर्ट-इनकडे कर, केंद्र सरकारची ती संस्था अशा त्रुटी घेते आणि संबंधितांना कळवते. तांत्रिक वर्णन चार ओळींत हवं : पावती क्रमांक ओळीने वाढतो, पाहणारा कोण हे तपासलं जात नाही. एवढंच. उपायही लिही : लॉगिन तपासा, क्रमांक अंदाज येणार नाही असा ठेवा. त्यांच्या माणसाला अर्ध्या दिवसाचं काम आहे.


ओसरी

बहिणीला तरी सांग रे. एकट्याने असं आत ठेवू नकोस.


पहिलाच_प्रयत्न

रंकाळा सर, तुम्ही मसुद्यातून काढलेली तीन वाक्यं मी रागात लिहिली होती, बरं झालं काढलीत. काल रात्री पाठवलं. आज सकाळी सर्ट-इनची पोच आली, संदर्भ क्रमांकासह. ताईला सांगितलं. तिने आधी स्वतःची पावती उघडून पाहिली, मग माझ्यासाठी चहा टाकला.